दहाच्या ठोक्याला दमणारं मशीन

व्हर्ना लाइनबॉक बिघडलेल्या मशीनसमोर बसली, की नव्या माणसाला वाटायचं, बाई बसची वाट बघतेय. एक रिकामी बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि बघत राहायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी पाऊण तास. मधेच डब्यातून बिटाच्या रसात मुरलेलं लालभडक अंडं काढून खायची. हातात ना पाना, ना पक्कड. मग एकदम उठायची, मशीनखाली सरपटत जायची, काहीतरी अर्धा फेरा फिरवायची आणि बोटं पुसत म्हणायची, "लाव."

आणि मशीन चालायचं.

मी डॉटी. ड्रायबेलबिस प्रेट्झेल कंपनीत बावीस वर्षं पॅकिंगला होते. त्यातली एकोणीस वर्षं तीन नंबरच्या मशीनच्या तोंडाशी. मशीनने पिशवी टाकायची, मी उचलून खोक्यात भरायची. तेव्हा तीन नंबरचं जे सांगतेय ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखत झालेलं आहे.

व्हर्ना आमच्या रॉशव्हिलच्या बाहेरच्या एका शेतावर वाढली. सात भावंडांतली पाचवी. एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात आली तेव्हा प्रेट्झेल, म्हणजे गाठ मारलेली खारी बिस्किटं, बायका हाताने वळत. पीळ घालायचा, गाठ मारायची, पुढचा. व्हर्नाचा हात सगळ्यांत झपाट्याचा. मग वळणारं मशीन आलं आणि तिला पॅकिंगकडे ढकललं. तिथे मेकॅनिक होता हार्वी उंगर. बाईने मशीनला हात लावला की मशीन रुसतं, असं त्याचं ठाम मत. पण हार्वीचे गुडघे गेले होते. खाली बसला की उठवायला दोन माणसं लागत. आणि पॅकिंग मशीनचे आजार म्हणाल, तर सगळे गुडघ्याच्या खाली. मग हार्वी वरून ओरडायचा, "डावीकडचा नट!" आणि व्हर्ना खाली पालथी पडून उजवीकडचा आवळायची, कारण सैल तो असायचा.

असं अकरा वर्षं चाललं. हार्वी निवृत्त होताना म्हाताऱ्या मालकांनी, एल्वूड ड्रायबेलबिसांनी, त्याला विचारलं, "आता तुझ्या जागी कोण?"

"मशीनचं वरचं मला कळतं, खालचं व्हर्नाला," हार्वी म्हणाला. मग जरा घुटमळून, अगदी नाइलाजाने म्हणाला, "वरती नुसतं झाकणच आहे."

झाली व्हर्ना मेकॅनिक. बोलणं तिचं मोजून मापून. घरी बोलण्याचं काम नवऱ्याकडे, नॉर्मनकडे. तो शाळेची बस चालवायचा आणि दिवसभर साठ पोरांपुढे तोंड उघडायला न मिळाल्यामुळे संध्याकाळी सगळं तिच्यासमोर ओतायचा. ती "हं" म्हणायची. एकदा मी विचारलं, "कंटाळा नाही येत गं?" तर म्हणाली, "आवाज एकसारखा आहे ना, मग ठीक. बदलला की बघते."

एल्वूड अठ्ठ्याण्णव साली गेले आणि त्यांचा मुलगा लमार मालक झाला. लमार माणूस लोण्यासारखा. कुणाच्या घरी बाळ झालं तर स्वतः केक घेऊन जायचा, काकवी घालून बायकोने केलेला. पण हाताला यश नाही. लहानपणी त्याने बापाच्या गोदामातली ढकलगाडी दुरुस्त केली होती, ती पुढे फक्त उजवीकडेच वळायची. तेव्हापासून एल्वूडनी त्याच्या हातात पाना म्हणून दिला नाही. "तू हिशेब बघ, लोकांशी बोल," म्हणायचे. लमार तेच करायचा. कारखान्याच्या पुढच्या अंगाला त्याने दुकान काढलं होतं. बुधवार ते शनिवार, दहा ते चार. बाहेरगावच्या बसेस यायच्या, लोक मोडक्या प्रेट्झेलची पोती घेऊन जायचे. आणि दुकानाच्या छपरावर त्याने बापाचा फुगा उभारला होता. अठरा फूट उंच. पांढरा एप्रन, झुबकेदार मिशा, वर केलेल्या हातात प्रेट्झेल. सकाळी दुकान उघडताना फुगवायचा, संध्याकाळी उतरवायचा. पाऊस असला तर फुगवायचा नाही, बाबांना सर्दीचा त्रास होता म्हणून.

व्हर्नाने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा एवढंच म्हणाली, "मिशा बरोबर आल्यात. पोट कमी केलंय."

तर हे सगळं सुरू झालं दोन हजार सातच्या सप्टेंबरात. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नवा मॅनेजर आला होता, केंडल प्रुइट. ओहायोतल्या कुठल्याशा मोठ्या बिस्किट कारखान्यातून. उंच, इस्त्रीचा, गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच. आल्याआल्या त्याने भिंतीवर पाट्या लावल्या. एक पाटी अशी, की कामाच्या वेळी कुणी बसायचं नाही. ती पाटी लावून तो वळतो तर समोर व्हर्ना, बादलीवर.

"मिसेस लाइनबॉक, तुम्ही काय करताय?"

"बघतेय."

"काय बघताय?"

"ते अजून कळायचंय."

"पण तुम्ही बसलाय."

"उभं राहून खालचं दिसत नाही."

प्रुइटने तिला उठवलं आणि बादली उचलून सफाईच्या खोलीत ठेवली. व्हर्नाने अडवलं नाही. गुडघे चोळत ओव्हनच्या पट्ट्याला तेल द्यायला गेली. आम्ही सगळ्या बायका माना खाली घालून पिशव्या भरत राहिलो, पण मनातल्या मनात प्रुइटची काय ती पूजा बांधली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन नंबरला घरघर लागली.

आता हे मशीन म्हणजे काय, तर वरून प्लास्टिकचा रोल खाली उतरतो, नळीभोवती गुंडाळून त्याची पिशवी होते, वरून प्रेट्झेल पडतात, आणि खाली दोन तापलेले जबडे येऊन पिशवीचं तोंड चावून बंद करतात. मिनिटाला साठ पिशव्या. जबडे हवेच्या जोरावर मिटतात. जबडा नीट मिटला नाही, की मशीन आधी रेंगाळतं, मग लाल दिवा लावून उभंच राहतं. सकाळी सहाला तीन नंबर घोड्यासारखं निघायचं. आमची सुट्टी पावणेदहाला. दहाला परत यावं तर साठाचं पन्नास, पन्नासाचं पस्तीस, आणि मग लाल दिवा. पुन्हा चालू करा, वीस पिशव्या, लाल दिवा. एक नंबर आणि दोन नंबर शेजारी मजेत चालू.

तो काळ हॅलोवीनच्या, ऑक्टोबरअखेर दारोदार पोरांना खाऊ वाटायच्या सणाच्या, छोट्या पिशव्यांचा. ती वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर. दुकानांच्या दोन साखळ्या माल मागत होत्या आणि आमचं मशीन दहाच्या ठोक्याला मान टाकत होतं.

ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार. तीन नंबर चालवायचा क्लेअर फेन्स्टरमाखर, साठीचा गडी, त्याचं म्हणणं मशीन सुट्टीनंतर आळसावतं. "आपल्यालाही दहाला उठवत नाही गं, डॉटी. ते तर लोखंडाचं." मग त्याच्या लक्षात आलं, की सोमवार-मंगळवार मशीन दिवसभर नीट चालतं आणि बुधवारपासून बिघडतं. "आठवडा म्हातारा होतो तसं तेही म्हातारं होतं," तो म्हणाला. मग एका गुरुवारी पाऊस पडला आणि मशीन अडीचपर्यंत एकदाही अडलं नाही. क्लेअर नाचतच प्रुइटकडे गेला, "साहेब, त्याला ओलावा मानवतो!"

प्रुइटला हे शास्त्रीय वाटलं. त्याने हवेत वाफ सोडणारी दोन यंत्रं आणून तीन नंबरच्या दोन्ही बाजूंना ठेवली. मशीन दहा वाजता बंद पडलं ते पडलंच, वर प्रेट्झेल सादळले. मी एक वाकवून पाहिला, तर तो मोडेचना. चार हजार पिशव्या डुकरांच्या शेतावर गेल्या. ती डुकरं आठवडाभर खारं तोंड करून पाण्याच्या हौदाशी उभी होती, असं शेतवाला सांगत होता.

त्यानंतर क्लेअरने आपल्या गोठ्यावर असते तशी गोल नक्षी, मधे आठ पाकळ्यांची चांदणी, एका पत्र्यावर रंगवून आणली आणि रविवारी कुणी नसताना मशीनच्या पाठीला चिकटवली. नजर लागू नये म्हणून. सोमवारी मशीन चाललं. मंगळवारी चाललं. क्लेअर छाती काढून हिंडला. बुधवारी दहा वाजून दोन मिनिटांनी लाल दिवा. क्लेअर त्या चांदणीकडे असा काही बघत होता, जणू सख्ख्या भावाने साक्ष फिरवली.

या सगळ्यात व्हर्नाला तीन नंबरजवळ फिरकू दिलंच नव्हतं. प्रुइटने तिला ओव्हनकडे लावून दिलं होतं, कारण मशीन बनवणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ येणार होता. तो आला सोमवारी. ब्राइस केटरिंग नाव, तिशीतला, चाकांची पेटी ओढत. लॅपटॉप जोडला, प्लास्टिक ओळखणारा सेन्सर बदलला, ओढणारे पट्टे बदलले, जबड्यांचं तापमान तपासलं, हवेच्या प्रेशरचा काटा पाहिला. काटा ऐंशीवर, पाहिजे तिथेच. दोन दिवस मशीन असं चाललं की लोण्यात सुरी. मंगळवारी संध्याकाळी ब्राइसने प्रुइटशी हात मिळवले आणि घरी गेला.

बुधवारी दहाला लाल दिवा.

प्रुइटने फोन केला. ब्राइस पुढच्या सोमवारी पुन्हा आला. दोन दिवस पुन्हा लोणी, पुन्हा सुरी. गेला. बुधवारी लाल दिवा.

"डॉक्टर दिसला की दाढ थांबते ना, तसलं आहे हे," क्लेअर म्हणाला. "पाहुण्यांसमोर गुणी पोर."

प्रुइटच्या डोळ्यांखाली आता काळं आलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हा कळलं. शिफ्ट संपल्यावर एकटाच मशीनसमोर उभा राहायचा, खिशात हात घालून. त्या बुधवारी दुपारी तो ओव्हनकडे गेला. मी हात धुवायचं निमित्त करून मागोमाग गेले, खोटं कशाला बोलू.

"मिसेस लाइनबॉक," तो म्हणाला, "तुम्ही जरा बघता का?"

व्हर्नाने तेलाचा डबा खाली ठेवला. "उभी राहून की बसून?"

प्रुइट सफाईच्या खोलीत गेला, बादली आणली आणि स्वतःच्या रुमालाने पुसून तिच्यापुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी सहापासून व्हर्ना तीन नंबरसमोर. ऊन लख्ख. नऊ वाजेपर्यंत तिने नुसतं बघितलं. मग मला म्हणाली, "डॉटी, नवीन काय आलंय इथे?"

"काही नाही."

"नीट आठव."

"रोल तेच. मीठ तेच. क्लेअर तोच, दुर्दैवाने."

"ऐकू येतंय मला," क्लेअर ओरडला.

पावणेदहाला सगळे सुट्टीला गेले, ती बसूनच. दहाला आम्ही परत आलो. व्हर्ना उठून मशीनखाली शिरली होती, फक्त बूट दिसत होते. मशीन चालू केलं. पन्नास. चाळीस.

"डॉटी," खालून आवाज, "काटा बघ. मशीन चालत असताना. चावतं तेव्हा."

मी काट्याकडे पाहिलं. जबडा मिटला की काटा ऐंशीवरून धाडकन पंचावन्नवर. उघडला की हळूहळू वर. पुन्हा मिटला, पंचावन्न.

"पडतोय गं! पार खाली!"

"सकाळी पडत नव्हता," व्हर्ना बाहेर येत म्हणाली. केसांना वंगण. "मशीन ठीक आहे. त्याला दम पुरत नाहीये. चावायला जातं आणि तोंडात जोर नसतो."

प्रुइट धावत आला. "पण हवा पुरवणारा कॉम्प्रेसर नवा आहे. बाकी दोन मशीनं तर..."

"ती कॉम्प्रेसरच्या जवळ आहेत. हे पाइपाच्या शेवटाला. ताटं वाढताना शेवटच्याला भाजी संपते, तसं." मग तिने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "दहाला काय होतं?"

"सुट्टी संपते," क्लेअर म्हणाला.

"ती सोमवारीही संपते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार दहाला काय होतं? ऊन असलं की काय होतं?"

मला खरं तर सुचायला हवं होतं, कारण तिकडच्या भिंतीतून दुकानाच्या दाराची घंटा मला रोज ऐकू यायची. पण रोज ऐकू येणारं कुणी ऐकतं का?

व्हर्नाने शिडी मागितली. प्रुइटच्या तोंडात आलं होतं, की शिडीवर चढायचं प्रशिक्षण झालंय का. मी त्याचे ओठ हललेले पाहिले. पण त्याने ते गिळलं आणि शिडी धरली. चौसष्ट वर्षांची बाई वर चढली, कमरेला साबणाच्या पाण्याची बाटली. हवेच्या पाइपावर हात फिरवत, प्रत्येक सांध्यावर फवारत, शिडी सरकवायला लावत भिंतीपर्यंत गेली. गळती असेल तिथे फुगे येतात. एकाही सांध्याला फुगा नाही. आणि मग अगदी टोकाला, भिंतीलगत, छताच्या तुळईमागे, एक पिवळीजर्द नवी नळी पाइपाला जोडलेली. जोड असा, की जणू कुणी मोजे घालून केलाय. व्हर्नाने फवारलं, तर अंड्यातलं पांढरं फेटल्यासारखा फेस.

"ही कुणाची?" ती वरून म्हणाली.

कुणाचीच नव्हती. नळी भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

"बंद करू?"

"करा," प्रुइट म्हणाला.

तिने नळीवरची चावी आडवी केली.

मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. काटा थरथरला, ऐंशीवर गेला आणि खिळला. मशीनने एक श्वास घेतल्यासारखा आवाज केला. पस्तीस, पंचेचाळीस, साठ. पिशव्या माझ्यावर अशा यायला लागल्या की मी दोन्ही हातांनी झेलतेय. क्लेअरने टोपी उडवली. एक नंबर, दोन नंबरच्या बायका धावत आल्या. टाळ्या, शिट्ट्या. प्रुइट, इस्त्रीचा प्रुइट, शिडीच्या पायरीला मिठी मारून उभा.

आणि तेवढ्यात पुढून किंकाळ्या.

एक नाही, वीसेक. मग मोटारीचा भोंगा, लांबलचक, थांबेचना. टाळ्या थांबल्या. दार धाडकन उघडलं आणि लमार आत आला. चेहरा मैद्यासारखा पांढरा.

"बाबा पडले!"

"कुणाचे बाबा?" प्रुइटने विचारलं.

"माझे!"

प्रुइट नवा माणूस. त्याने माझ्याकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "ते तर गेले ना?"

"अठ्ठ्याण्णव साली," मी म्हटलं.

"आत्ता पडले!" लमार किंचाळला. "बसवर!"

आम्ही सगळे बाहेर पळालो. व्हर्ना शिडीवरून सावकाश उतरून मागून आली. दुकानासमोर मेरीलंडहून आलेली एक बस उभी होती, कुठल्याशा चर्चच्या आजीबाईंची. आणि एल्वूड ड्रायबेलबिस, अठरा फुटी, छपराच्या कडेवरून कमरेत वाकून बसवर ओणवे झाले होते. मिशा समोरच्या काचेवर. वर केलेला हात बसच्या दारावर, त्यामुळे अर्ध्या आजीबाई आत, अर्ध्या बाहेर. आतल्यांना वाटलं छप्पर कोसळलं. ड्रायव्हर भोंग्यावरच बसला होता की काय कोण जाणे. आणि एल्वूड अजून हळूहळू रिकामे होत होते, त्यामुळे दर दोन सेकंदांनी त्यांचं डोकं त्या बसला नम्रपणे नमस्कार करत होतं.

"हे कसं झालं? सकाळी तर ठणठणीत होते!" लमार हात चोळत म्हणाला.

व्हर्ना त्याच्याजवळ गेली. ती त्याला अर्ध्या चड्डीत हिंडायचा तेव्हापासून ओळखत होती, त्यामुळे मालक-बिलक तिच्या गावी नव्हतं.

"लमार, फुग्याचा पंखा कुठेय?"

"जळला. ऑगस्टमध्ये. नवा मागवलाय, येतच नाहीये."

"मग फुगा कशावर चालतो?"

लमारचा चेहरा एकदम उजळला. त्या गोंधळातही. "मी जोडलं! एका रविवारी येऊन. आपल्याच पाइपावरून नळी काढली, भोक पाडलं, चावी बसवली. कुणालाही विचारलं नाही. पहिल्या झटक्यात फुगले, व्हर्ना!"

मागे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. क्लेअर पुटपुटला, "म्हणजे महिनाभर म्हातारेबुवा वर उभे राहून हवा खातायत आणि आम्ही खाली मशीनची नजर उतरवतोय." कुणीतरी फिस्सकन हसलं. मग थांबवेना. मी तर पायरीवरच बसले. प्रुइट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

लमार आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. हसू त्याच्याही तोंडावर होतं, काय झालंय ते न कळता आधीच आलेलं. मग त्याने कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. तिथून तीन नंबरचा आवाज येत होता, खट-खट-खट-खट, एका लयीत. ते हसू उतरताना मी पाहिलं आणि पायरीवरून उठले.

"मीच?" तो म्हणाला.



"त्या चार हजार पिशव्या? तो तज्ज्ञ? ते सगळं... मी?" तो दुकानाच्या पायरीवर बसला. "बाबा बरोबरच सांगायचे."

व्हर्ना त्याच्या शेजारी बसली. तिला बसायला पायरीही चालायची. बसवाल्या बायका एल्वूडच्या हाताखालून वाकून एकेक बाहेर येत होत्या.

"चावी तू बसवलीस?" तिने विचारलं.

"हो."

"सरळ बसवलीस. फिरवली तर लगेच बंद झाली. ती नसती तर मला सगळा कारखाना बंद करावा लागला असता."

लमारने नाक पुसलं. "आणि जोड?"

"जोड भिकार आहे," व्हर्ना म्हणाली. "टेप उलटी गुंडाळलीस. आत चल, दाखवते."

आणि खरंच ती त्याला घेऊन आत गेली. आम्ही कामाला लागलो. शिडीवर लमार, खाली व्हर्ना. पाना त्याच्या हातात. तीनदा टेप गुंडाळायला लावली, दोनदा काढायला लावली. शेवटी पिवळी नळी काढून त्याने तिथे झाकण बसवलं, आणि व्हर्नाने साबणाचं पाणी मारायला सांगितलं. एक फुगा आला. "आणखी पाव फेरा," ती म्हणाली. पाव फेरा. एकही फुगा नाही. छप्पन्न वर्षांचा मालक शिडीवरून खाली उतरला तेव्हा त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर काळा पट्टा होता. तो त्याने दिवसभर पुसला नाही. दुकानात गिऱ्हाईकांसमोर तसाच वावरला.

त्या आजीबाईंनी त्या दिवशी दुकान धुऊन नेलं. एकीने एल्वूडच्या मिशीजवळ उभं राहून फोटो काढला आणि लमारला विचारलं, की हे रोज किती वाजता पडतात.

प्रुइटने फायलीसाठी अहवाल लिहिला. क्लेअरने तो त्याच्या टेबलावर उलटा वाचला. त्यात लमारचं नाव नव्हतं, "हवेचा अनपेक्षित वापर" असं काहीतरी होतं. 'कामाच्या वेळी बसू नये' ही पाटी दोन दिवसांनी दिसेनाशी झाली. विचारलं तर म्हणाला, गोंद सुटला असेल. ब्राइस केटरिंगला त्याने फोन करून सगळं सांगितलं, तर तो पलीकडून म्हणाला म्हणे, "मी बुधवारी थांबायला हवं होतं."

पुढचे दोन आठवडे आम्ही शनिवारीही आलो. तीन नंबर एकदाच अडलं, तेही क्लेअरची चांदणी सुटून आत पडली म्हणून. हॅलोवीनचा शेवटचा ट्रक वेळेच्या दोन दिवस आधी निघाला. फुग्याचा नवा पंखाही आला. पडताना एल्वूडचं नाक पन्हाळीच्या कडेला लागून फाटलं होतं. ते चर्चमधल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी शिवून दिलं. टाका इतका पक्का, की नाक आता जरा डावीकडे वळलेलं असायचं. व्हर्ना म्हणाली, आता खरं दिसतंय, ते तरुणपणी गाईने लाथ मारली होती तेव्हापासून वाकडंच होतं. लमारला ही लाथ माहीतच नव्हती. त्याने तिला पुन्हा पुन्हा ती गोष्ट सांगायला लावली. व्हर्नासाठी तेवढं बोलणं म्हणजे वर्षाचं झालं.

ट्रक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रुइटने तिला भरपगारी सुट्टी दिली. माझ्या इतक्या वर्षांत तिने अशी कामाच्या दिवशी सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही. नॉर्मन तिला पलीकडच्या काउंटीच्या जत्रेला घेऊन गेला. सोमवारी नॉर्मन बस घेऊन कारखान्यासमोरून चालला होता, मला बघून त्याने खिडकी खाली केली.

"डॉटी, कशी झाली जत्रा, विचार!"

"कशी झाली?"

"बैल बघायचे राहिले. घोड्यांची शर्यत राहिली. बटाट्याची भजी मी एकट्याने खाल्ली, तीन वेळा. ही दीड तास त्या चिकट गोळ्या कागदात गुंडाळणाऱ्या मशीनसमोर उभी! शेवटी तो माणूस म्हणाला, आजी, घ्यायच्या आहेत का गोळ्या? ही म्हणते, नकोत, तुमचा मागचा पट्टा बोटभर सैल आहे."

"मग?"

"तो म्हणाला, नऊ वर्षं तसाच चाललाय." नॉर्मनने गिअर टाकला. मागे साठ पोरं एकदम ओरडत होती. "तर ही म्हणते, नऊ वर्षं अर्धपोटी माणूसही चालतं, पण बघवत नाही. आणि गेली आत, काउंटरच्या खालून!"

"आणि नीट केला?"

"आधी त्याच्याकडून एक खोकं मागून घेतलं. बसायला."